काचेवर पडलेलं ऊन

तापी पश्चिमेकडे वाहते. त्यामुळे खान्देशात संध्याकाळी नदीचा फोटो काढायचा म्हणजे बहुतेक वेळा उन्हाकडेच तोंड करावं लागतं. सारंगखेड्याच्या किंवा प्रकाशा इथल्या पुलावर उभे राहा आणि पाणी जातं त्या बाजूला बघा. डिसेंबरात सूर्य नेमक्या पश्चिमेच्या डावीकडे सुमारे २५ अंशांवर मावळतो, जूनमध्ये तेवढाच उजवीकडे आणि मार्च-सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जवळपास नाकासमोर. वर्षभरात ५० अंशांची ही फिरत ध्यानात ठेवली की कोणत्या महिन्यात सूर्य पाण्यावर येईल आणि कोणत्या महिन्यात काठावरच्या झाडीत जाईल, हे घरी बसून सांगता येतं. तरीही फोटो काढल्यावर त्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर दिसतो, नाहीतर हिरव्या-जांभळ्या ठिपक्यांची माळ उमटते. यालाच फ्लेअर म्हणतात, पण माणूस कॅमेऱ्याला दोष देतो.

बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा काही दोष नसतो. फोटो काढण्याआधी एकच गोष्ट बघायची राहून गेलेली असते: लेन्सच्या पुढच्या काचेवर ऊन पडतंय का?

ही तपासणी डोळ्यांनी करायची, स्क्रीनवर नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर बाजूला या आणि लेन्सच्या तोंडाकडे तिरक्या नजरेने पाहा. काचेवर उन्हाचा चकाकता कवडसा दिसला तर फ्लेअर येणारच, सूर्य फ्रेममध्ये असो वा नसो. आता हात लांब करून तळव्याची सावली त्या काचेवर पाडा. सावली आधी लेन्सच्या कडेवर येते, मग काचेवर सरकते. अर्धी काच झाकून भागत नाही, पूर्ण काच काळी दिसली पाहिजे. मग हात तिथेच ठेवून स्क्रीनकडे पाहा. सूर्य फ्रेमबाहेर असेल तर तळवा फ्रेममध्ये न येताही ही सावली पाडता येते. त्याच क्षणी काळे रंग काळे होतात, हिरवा हिरवा होतो. ज्याने हा फरक एकदा नीट पाहिला, त्याला पुढचं सांगायची फारशी गरज उरत नाही.

आता हे होतं कशामुळे ते बघू. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. लेन्समध्ये अशी पृष्ठं बरीच असतात. दहा सुट्या काचांच्या झूम लेन्समध्ये २० पृष्ठं होतात. एका पृष्ठावरून मागे फिरलेला उजेड दुसऱ्या पृष्ठावर आपटून पुन्हा सेन्सरकडे, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या पट्टीकडे, आला की एक ठिपका तयार होतो. २० पृष्ठांच्या अशा १९० जोड्या लागतात. काचेवर परावर्तन कमी करणारा लेप नसेल तर दोनदा परतलेला उजेड मूळच्या सहाशेपंचविसाव्या हिश्शाइतका राहतो. झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली लेन्सवर लेप देण्याचं पेटंट घेतलं, आणि आजच्या अनेक थरांच्या लेपामुळे दर पृष्ठावरचं परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. अर्धा टक्का धरला तरी दोनदा परतलेला उजेड चाळीस हजाराव्या हिश्शावर जातो. पण वर चढलेला सूर्य निळ्या आकाशापेक्षा लाखो पटींनी प्रखर असतो. म्हणून चांगल्यातल्या चांगल्या लेन्समध्येही ठिपका उरतोच. लेन्स महाग घेतली म्हणजे सुटलो, असं नाही. झूमपेक्षा कमी काचांची प्राइम (झूम न होणारी) लेन्स मात्र या कामात खरोखर बरी पडते, मग ती जुनी साधी ५० मिलिमीटरची का असेना.

ठिपके आणि साय यांचे इलाज वेगळे आहेत. साय येते ती सगळीकडे विखुरलेल्या उजेडाने: काचेवरची धूळ, बोटाचा ठसा, लेन्सच्या नळीतली चकाकी. ठिपके येतात ते नेमक्या आरशासारख्या परावर्तनाने, म्हणून त्यांना शिस्त असते. ते सूर्यापासून फ्रेमच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवरच बसतात. सूर्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असेल तर माळ उजव्या खालच्या कोपऱ्याकडे जाते. तेव्हा माणसाला उजव्या खालच्या बाजूला उभं करू नका, डाव्या खालच्या बाजूला घ्या. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे सूर्य वरच्या कडेच्या बरोबर मधोमध आणि माणूस खाली मधोमध. मग सगळी माळ त्याच्या कपाळावरून छातीवर उतरते. एक पाऊल बाजूला सरकलं असतं तर ती मोकळ्या वावरात गेली असती. ठिपका गडद रंगावर उठून दिसतो आणि उजळ, खडबडीत पोतावर लपतो, हेही लक्षात ठेवा: काळ्या नांगरटीवर तो ओरडतो, वेचणीला आलेल्या कपाशीवर सापडत नाही.

सूर्य फ्रेमच्या कडेला जेमतेम बाहेर असणं ही सगळ्यात वाईट जागा. सूर्य दिसत नाही म्हणून फोटोत त्याचा उपयोग नाही, आणि ऊन तर थेट काचेवर. एक तर त्याला पूर्ण आत घ्या, नाहीतर सावली पाडता येईल इतका दूर ढकला.

सारंगखेड्याच्या यात्रेत आणखी एक गोंधळ होतो. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, टापांनी धूळ उडते, तिरप्या उन्हात ती सोनेरी दिसते आणि फोटोत सगळं पांढुरकं येतं. हा फ्लेअर की धूळ? तळव्याची सावली काचेवर पाडून बघा. पांढुरकेपणा गेला तर तो लेन्समधला होता. राहिला तर तो हवेतला आहे, आणि तो घालवायचा कशाला, त्याच्यासाठीच तर आपण तिथे गेलो! अशा वेळी काच मात्र पूर्ण सावलीत हवी. हवेतल्या धुळीवर लेन्समधली साय चढली की घोड्याच्या आयाळीभोवतीची चमकती कड मरते, आणि त्या कडेवर सगळं चित्र उभं असतं. तंबूची कनात, ट्रॉलीची सावली, कशाचाही आडोसा घ्या. आपण सावलीत, घोडा उन्हात, ही मांडणी साधली की अर्धं काम झालं. मे महिन्यातल्या लग्नात हळदीचे फोटो काढतानाही हेच: फोटोग्राफरने मांडवाच्या सावलीत राहावं आणि नवरीच्या पाठीवर ऊन येऊ द्यावं. आडोसा नसेल तर सोबतच्या माणसाच्या हाती काळी छत्री द्या. पांढरी किंवा रंगीत नको, तिचा रंग काचेवर उतरतो.

हूडबद्दल, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या आडोशाबद्दल, गैरसमज फार. हूड फ्रेमबाहेरचं ऊन अडवतं. सूर्य फ्रेममध्ये आला की त्याचा त्या सूर्यापुरता उपयोग शून्य. झूम लेन्सचं हूड सगळ्यात रुंद कोनासाठी कापलेलं असतं, म्हणून १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सचं हूड ५५ ला फार तोकडं पडतं आणि तिथे तळवा लागतोच. पाकळ्यांचं हूड लावताना लांब पाकळ्या वर-खाली आणि आखूड पाकळ्या डावी-उजवीकडे आल्या पाहिजेत; अर्धवट फिरलं तर कोपरे काळे येतात. घरी करायचं असेल तर चकाकी नसलेल्या काळ्या कार्डशीटची नळी करा आणि पांढऱ्या भिंतीसमोर लेन्स सगळ्यात रुंद ठेवून, अॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक) बारीक, एफ/१६ वर ठेवून एक फोटो काढा. कोपरे काळवंडले तर अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत जा.

फिल्टर काढा. यूव्ही फिल्टर ही लेन्सपुढे ठेवलेली सपाट काच आहे. सेन्सरवरून परतलेला उजेड तिच्यावर आपटून पुन्हा आत येतो आणि मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे सूर्याची उलटी प्रतिमा उमटते. देवळातल्या दिव्यांच्या फोटोत अंधारात उलटे दिवे तरंगताना दिसतात, त्याचंही कारण हेच. संरक्षणासाठी फिल्टर हवा असेल तर प्रवासात असू द्या. उन्हाकडे वळताना काढून खिशात ठेवा.

फ्लेअरवरचा माझ्या मते सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे सूर्य कशामागे तरी लपवणं. इथे एक हिशोब कामाला येतो. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणजे कोणतीही वस्तू तिच्या रुंदीच्या सुमारे ११० पट अंतरापर्यंतच त्याला पूर्ण झाकू शकते. लेन्सच्या काचेची रुंदी वस्तूच्या रुंदीतून आधी वजा करायची. बाभळीचा बुंधा ३० सेंटिमीटर आणि लेन्सची काच ६ सेंटिमीटर असेल तर २४ गुणिले ११०, म्हणजे साधारण २६ मीटरच्या आत उभं राहावं लागेल. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. ३ मीटर जाडीचा खांब सव्वातीनशे मीटरपर्यंत सूर्य झाकेल, त्यापुढे खांबाच्या दोन्ही बाजूंनी उजेड डोकावेल. पातं सूर्यासमोरून जाताना फोटो घ्यायचा असेल तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि सलग फ्रेम घ्या.

सूर्य पूर्ण न झाकता त्याची एक फाक बाहेर ठेवली तर काचेवर येणारं ऊन कमी होतं आणि फाकीतून किरणांचा तारा फुटतो. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याची तुटकी तटबंदी अशा कामाला फार चांगली. तारा हवा असेल तर एफ/११ ते एफ/१६ ठेवा. अॅपर्चरची पाती सम असतील तर तेवढेच किरण, विषम असतील तर दुप्पट: ८ पात्यांचे ८, ९ पात्यांचे १८. अॅपर्चर बारीक केल्याने ठिपके जात नाहीत, उलट लहान होऊन त्यांच्या कडा धारदार होतात आणि पात्यांचा आकार स्पष्ट दिसतो. उघड्या अॅपर्चरला तेच ठिपके मोठे, पसरट आणि फिके असतात. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत बारीक अॅपर्चरला आणखी एक त्रास होतो: सूर्याभोवती लाल ठिपक्यांची जाळी. हा सेन्सर आणि मागची काच यांच्यातला खेळ आहे, एफ/५.६ पर्यंत उघडलं की जाळी बहुतेक वेळा निवळते.

सूर्य फ्रेममध्ये हवाच आणि आडोसा काहीच नाही, अशा वेळी दोन फ्रेमची युक्ती वापरा. तापीवर सूर्य पाण्यापासून हातभर वर आहे, असं समजा. ट्रायपॉड घट्ट रोवा, मॅन्युअल मोड, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फोकस मॅन्युअल. सुरुवात आयएसओ १००, एफ/११, १/५०० ने करा आणि हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) पाहून बदला. सूर्य स्वतः पांढरा फुटणारच, पण भोवतालचं आकाश फुटता कामा नये. पहिली फ्रेम जशी आहे तशी घ्या. दुसरी फ्रेम त्याच सेटिंगवर, पण काचेवर सावली पाडून. पुष्कळ जण अंगठा धरायला सांगतात. अंगठा मोबाइलला पुरतो, कॅमेऱ्याच्या काचेला मूठ लागते, आणि मूठ रुंद लेन्समध्ये पाव फ्रेम खाते. त्यापेक्षा ज्वारीच्या वाळक्या ताटाच्या टोकाला ८ सेंटिमीटर व्यासाची काळ्या कागदाची चकती चिकटवा आणि अर्ध्या मीटरवर धरा. चकतीची गोल सावली काचेवर नेमकी बसली की शटर सोडा. हातात केबल किंवा दोन सेकंदांचा टायमर हवा. दोन फ्रेममध्ये वेळ घालवू नका: सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो आणि पाण्यावरची चमकही त्याच्याबरोबर जागा बदलते.

घरी फोटोशॉपमध्ये सावलीची फ्रेम वर, पहिली खाली, दोन्ही जुळवून घ्या. वरच्या थराला मास्क (थराचा हवा तो भाग लपवणारा पडदा) लावा आणि मऊ ब्रशने फक्त चकती आणि ताट आलेली जागा पुसा. खालून सूर्य आणि त्याच्याभोवतीचं आकाश वर येतं. ब्रश मोठा आणि मऊ ठेवला नाही तर सूर्याभोवती गोल वर्तुळ दिसून लबाडी उघडी पडते. पाण्यातलं सूर्याचं प्रतिबिंब दोन्ही फ्रेममध्ये असतंच, तिथे हात लावू नका. एकच फ्रेम असेल तर छोटे ठिपके हीलिंग ब्रशने जातात. हिरवा ठिपका चेहऱ्यावर असेल तर पुसण्यापेक्षा त्या जागेचा टिंट मॅजेंटाकडे सरकवून उजळपणा थोडा कमी करा, कातडीचा पोत टिकतो. साय घालवायला डिहेझ (धूसरपणा कमी करणारी पट्टी) १० ते २० पर्यंत ठीक. त्यापुढे सावल्यांमध्ये दाणे उठतात आणि आकाश मळकट निळं होतं.

सायीमुळे ऑटोफोकसही चाचपडतो, कारण त्याला धरायला कॉन्ट्रास्टच नसतो. तळव्याची सावली पाडा, शटर अर्धं दाबून फोकस धरा, मग हात काढा. एक्सपोजर मात्र हात काढल्यावरच मोजू द्या. सूर्यासमोरच्या माणसाचा चेहरा हवा असेल तर +१ ते +१.७ एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने मोजल्यापेक्षा जास्त उजेड) लागतं. काळी आकृतीच हवी असेल तर आकाशावर मोजा आणि चेहरा सोडून द्या. अर्धवट मध्येच थांबलेला फोटो दोन्हीकडून जातो.

रावेर, यावल, सावदा, फैजपूरच्या केळीच्या बागांत हा सगळा विषय वेगळ्या रीतीने भेटतो. केळीचं पान उन्हासमोर धरल्यासारखं दिसलं की त्याची प्रत्येक शीर वेगळी होते, मधला दांडा गडद आणि पातळ भाग पोपटी, फाटलेल्या कडांवर उजेडाची बारीक रेघ. पान स्वतःच सूर्य झाकतं, म्हणून लेन्स पानाच्या सावलीत ठेवणं सोपं. पण वारा आला की दोन पानांतल्या फटीतून ऊन क्षणभर काचेवर येतं आणि दहातल्या तीन-चार फ्रेमवर साय चढते. म्हणून एका फोटोवर थांबू नका, आठ-दहा घ्या. पानावर एक्सपोजर मोजा, पोपटी रंग फुटला की परत येत नाही. आणि केळीचा चीक सांभाळा. हाताला लागलेला चीक लेन्सच्या कापडाला लागला की ते कापड काचेसाठी बाद. डाग धुऊनही निघत नाही.

नंदुरबारला थंडीत मिरचीच्या पथारींवर सकाळी जमिनीलगत कॅमेरा ठेवला तर लाल मिरच्या आतून पेटल्यासारख्या दिसतात. पण सूर्य तेव्हा फ्रेमच्या वरच्या कडेच्या जरासा बाहेर असतो, म्हणजे सगळ्यात वाईट जागी. लेन्सच्या वर एक जाड पुठ्ठा आडवा धरा आणि त्याची कड फ्रेममध्ये येत नाही ना, ते बघत हळूहळू पुढे सरकवा. मिरचीचे हात काचेला किंवा डोळ्यांना लावू नका, हे वेगळं सांगायला नको.

काच साफ करण्याला मी फ्लेअरच्या इलाजांत फार वरचं स्थान देतो. मार्च ते मे काळ्या मातीची धूळ एका दुपारीत काचेवर पातळ थर बसवते. सावलीत तो दिसत नाही, उन्हासमोर काच धरली की दिसतो. आधी ब्लोअरने चार-पाच जोरदार फुंकर, लेन्सचं तोंड खाली करून. मग मऊ ब्रश. मग लेन्सच्या द्रवाचे एक-दोन थेंब मायक्रोफायबर कापडावर, थेट काचेवर नाही, आणि मधून बाहेर गोल गोल. खांद्यावरचा बागायती रुमाल कितीही मऊ वाटला तरी त्यात मातीचे कण असतात आणि ते लेपावर चरे पाडतात. चरा काही केल्या जात नाही, आणि उन्हासमोर प्रत्येक चरा उजळतो. मागच्या बाजूची काचही महिन्यातून एकदा बघा. तिच्यावरचा ठसा पुढच्या काचेपेक्षा जास्त नुकसान करतो.

बहुतेक मोबाइलवर अॅपर्चर बदलता येत नाही, म्हणून सावली आणि स्वच्छता हीच दोन हत्यारं. सूर्यातून आडवी-उभी उजेडाची लांब रेघ येत असेल तर काचेवर तेलकट फराटा आहे. रेघ पुसल्याच्या दिशेला काटकोनात असते. आडवं पुसलं की उभी रेघ. तेव्हा गोल पुसा आणि कोरड्या कापडाने शेवट करा. हिरवा ठिपका सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, मध्यबिंदूपासून तेवढ्याच अंतरावर असतो. फोन किंचित कलता करून तो झाडीत किंवा फ्रेमबाहेर न्या.

वेळेचा अंदाज मुठीने घ्या. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, आणि आपल्याकडे सूर्य तेवढं उतरायला साधारण पाऊण तास घेतो. क्षितिजावर दोन मुठी सूर्य असताना फ्लेअर जोरात असतो. अर्ध्या मुठीवर आला, तांबूस झाला की ठिपके फिके पडतात. टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन ते अडीच मिनिटं मिळतात. त्यात सेटिंग शोधत बसू नका.

टेलीफोटो लावून ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे कधीही पाहू नका, तांबडा दिसत असला तरी. मागच्या स्क्रीनवरचा लाइव्ह व्ह्यू वापरा. सेन्सरवर सूर्याची प्रतिमा फोकल लेंथच्या साधारण ११० व्या हिश्शाइतकी पडते: २४ मिलिमीटरला पाव मिलिमीटरहून कमी, ४०० ला साडेतीन मिलिमीटरहून जास्त. मोठ्या लेन्सने तितकी जास्त उष्णता एका जागी गोळा होते, आणि मिररलेसमध्ये तिच्यापुढे आरसा नसतो. दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा सूर्याकडे रोखून ट्रायपॉडवर सोडू नका. झाकण लावा, नाहीतर लेन्स पाण्याकडे वाकवा.